दुपारचा तास काढून टाक

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि वर्गाचा आराखडा मिळाला. येवल्याजवळच्या गावात पैठणीचा वर्ग, सकाळी विणकाम आणि दुपारी एक तास साक्षरता व गणित. छान, पण तो दुपारचा तास काढून टाक.

आधी मोर विणणाऱ्या बाईशेजारी जाऊन बस. अस्सल पैठणीच्या पदरात नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या कांडीवर, असतो. समोर आलेखाचा कागद. कागदावरचा एक चौकोन म्हणजे ताण्याचे (उभे) किती धागे, हे मनात धरून ती धागे उचलते, तिल्लीवरचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवते आणि फणी ठोकते. एक धागा चुकला की मोराची मान वाकडी. ते बोटभर विणून झाल्यावर लक्षात आलं, तर तेवढं सगळं उसवायचं. चौथीत शाळा सुटलेली बाई हे गणित रोज करते. तिच्यापुढे तू बेरजेचा तक्ता टांगलास तर ती मान डोलावेल आणि मनातून हसेल.

तिला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. घरात रेशीम किती आलं, जरीचा धागा किती वापरला, मजुरी काय ठरली, उचल किती फिटली, हे घरातल्या पुरुषाला ठाऊक असतं, नाहीतर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला. असारीवर (धागा उकलायच्या चाकावर) रेशीम उकलणारी, कांड्या भरणारी बाई तर विचारलं की सांगते, "मी कुठं विणते, नुसता हातभार लावते." देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) ३५ लाखांवर विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले, त्यांत ७० टक्क्यांहून जास्त बायका. (यात आसामचा वाटा मोठा आहे, तिथे घरोघरी बायकाच माग चालवतात. आपल्याकडचं चित्र त्यावरून रंगवू नकोस.)

म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या हातात वही दे. रेशीम तोलून घेतलं की वजन, विणून झालं की किती इंच, पैसे मिळाले की तारीख. लिहिता येत नसेल तर खुणा करू देत. मात्र वही तिचीच, ती तू भरू नकोस. "माझे अडीचशे ग्रॅम होते, तुम्ही दोनशेच धरलेत" असं तिला व्यापाऱ्यापुढे म्हणता यायला हवं. अक्षरं त्या ओढीनेच येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आणखी एक. पूर्ण पैठणीला महिना, भरजरी असेल तर कितीतरी महिने जातात. नव्या बाईला तेवढा दम नसतो, घरचे तर दुसऱ्याच आठवड्यात "पैसे कधी?" विचारतात. तेव्हा छोट्या तुकड्यापासून, एखाद्या बटव्याच्या कापडापासून सुरुवात कर.

शाळेत जाणारी मुलगी मात्र शाळेच्या वेळेत मागावर बसवायची नाही. "हेही शिक्षणच ना?" म्हणून तुझेच शब्द लोक तुझ्यावर उलटवतील. तिथे ठाम राहा, वाईटपणा आला तरी चालेल.

आता गावात जाशील तेव्हा घरोघरी एवढंच विचारून ये: विणकराचं ओळखपत्र कुणाच्या नावावर आहे आणि मजुरी कुणाच्या खात्यात जमा होते? ती यादी हातात आली की नवा आराखडा पाठव, मग बोलू.

तुझ्या,
बाई