मुंबईत विणकामाच्या नमुन्यांची मासिकं स्वस्तात कुठे मिळतील?

नवं परदेशी मासिक घेऊच नका, त्या पैशात दोन स्वेटरची लोकर येते. हुतात्मा चौकाजवळचे किंवा माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाजवळचे फुटपाथवरचे पुस्तकवाले गाठा. ओळखीच्या रद्दीवाल्यालाही सांगून ठेवा. नशिबाने एखादा गठ्ठा हाती लागतो.

घेण्याआधी मधली पानं उघडून बघा. आलेखाचं, म्हणजे कुठे कोणता टाका घालायचा ते दाखवणाऱ्या चौकटींचं पान फाटलेलं असेल तर उरलेलं मासिक म्हणजे नुसते फोटो. मापं किती दिलीत तेही बघा. एकाच मापाचा नमुना असेल तर मी परत ठेवून देते.

आणि सुयांचा नंबर! आपल्याकडे जुना ब्रिटिश नंबर चालतो, त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन मासिकातला ८ नंबर ५ मिमीचा असतो. मी ते न बघता भाच्याचा स्वेटर विणला, तो त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी उसवला. तेव्हापासून मिलिमीटरच बघते.

फुकट हवं असेल तर रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर खातं उघडून मोफत नमुन्यांचा फिल्टर लावा, ड्रॉप्स डिझाइन या लोकर कंपनीच्या वेबसाइटवरचे नमुनेही फुकटच आहेत. मला मात्र मांडीवर कागदच लागतो, ओळीवर पेन्सिलीने खूण करता येते.