फाटकाबाहेर पाऊल पडेपर्यंत

नागपूर, वैशाख

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पाच पानी पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुझे कौतुक वाटले, दुसऱ्या वाचनात राग आला, आणि उत्तराला आठ दिवस लागले ते हा राग निवळावा म्हणून. तो पुरता निवळलेला नाही, हे पुढे तुला जाणवेलच.

गरीब आरोपींची बाजू मोफत लढवणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातले काम सोडून दिल्लीला कारागृह सुधारणांवरच्या संशोधनाच्या नोकरीत जावे का, असे तू विचारतोस. इथले काम ‘निव्वळ कारकुनी’ आहे, अर्ज टंकायचे, प्रमाणित नकला काढायच्या, कारागृहात फोन करायचे आणि यातून व्यवस्था तसूभरही हलत नाही, अशी तुझी तक्रार आहे. ‘व्यवस्थात्मक बदल’ हा शब्द तुझ्या पत्रात अकरा वेळा आला आहे; मी मोजले, जुनी खोड. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी तू एका वाक्यात सांगून मोकळा झालास की मोबाइल हिसकावल्याच्या गुन्ह्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा जामीन तू मंजूर करून घेतलास, पंचवीस हजारांच्या जामीनदाराची अट पडली, आणि चाळीस दिवस झाले तरी तो आतच आहे. त्यापुढच्या वाक्यात तू थेट नॉर्वेच्या तुरुंगांवर गेलास.

मला नॉर्वेबद्दल काही म्हणायचे नाही. तिसऱ्या पानाच्या तळाशी जे वाक्य तू टाकून दिलेस, त्याबद्दल म्हणायचे आहे.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असे नसते. त्याचे पाऊल फाटकाबाहेर पडेपर्यंत वकिलाने फाईल बंद करायची नाही. चाळीस वर्षांच्या वकिलीत मला एवढे एकच कळले, आणि तेही फार उशिरा, दुसऱ्याच्या आयुष्यातले अकरा महिने खर्ची घालून कळले.

ती गोष्ट मी आजवर बार रूममध्ये कुणाला सांगितलेली नाही. छिंदवाड्याकडचा एक मजूर काटोलच्या बाजूला संत्र्याच्या बागेत कामाला आला होता. विहिरीवरचा पंप चोरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. विधी सहाय्यातून त्याची केस माझ्याकडे आली, मी युक्तिवाद केला, आणि पाच हजारांचा एक जामीनदार देण्याच्या अटीवर न्यायालयाने जामीन दिला. डायरीत मी लाल शाईने ‘जामीन मंजूर’ लिहिले आणि पान उलटले. त्यानंतर अकरा महिन्यांनी दुसऱ्याच एका पक्षकाराच्या वकीलपत्रावर सही घ्यायला मी कारागृहात गेले, तेव्हा तो ओळीतून पुढे आला, त्याने हात जोडले आणि विचारले, “वकीलबाई, माझी तारीख कधी आहे?” आपल्याला जामीन झाला आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्या दिवशी त्याला न्यायालयात आणलेले नव्हते, आदेश इंग्रजीत होता, आणि ज्या एका व्यक्तीने त्याला सांगायला हवे होते ती व्यक्ती मी होते.

दुसऱ्या दिवशी मी अट शिथिल करण्याचा अर्ज दिला आणि नवव्या दिवशी तो जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, बाहेर आला. पुढे खटला चालला, फिर्यादीला स्वतःचा पंपही ओळखता आला नाही, आणि तो निर्दोष सुटला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

आता तू म्हणशील, बाई, तेव्हाचा काळ वेगळा होता. होताच. विधी सहाय्याच्या केसची फी इतकी तुटपुंजी असे की तिच्यात टंकलेखकाचा खर्चही भागत नसे. माझ्याकडे दिवसाला बारा-पंधरा तारखा असत, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मोबाइल नव्हते आणि छिंदवाड्याच्या त्या गावात निरोप पाठवायचा तर एसटीच्या वाहकाच्या हाती चिठ्ठी द्यावी लागे. हे सगळे खरे आहे. यातले काहीही खोटे नाही, आणि हे मी तुला इतक्या तपशिलाने का सांगते आहे हेही मला कळते आहे. तरीही सांगते, कारण उद्या तुझ्याकडेही अशीच खरी कारणे असतील.

त्या दिवसापासून मी एक वेगळी वही केली. तिच्यात जामीन मंजूर झाल्याची तारीख डावीकडे आणि सुटकेची तारीख उजवीकडे लिहायची. उजवीकडचा रकाना रिकामा असेल तोवर त्या केसमागे पायपीट करायची. बार रूममध्ये मला ‘टपालवाली बाई’ म्हणू लागले. ज्येष्ठ मंडळी हसत आणि म्हणत की वकिलाने युक्तिवाद करावा, चपराशाचे काम चपराशावर सोडावे. त्यांच्यातले काही पुढे मोठ्या पदांवर गेले. मी गेले नाही, आणि गेले नाही याचे मला दुःख नाही. असे मी नेहमी म्हणते, आणि बहुतेक दिवशी ते खरेही असते.

तू आकड्यांचा माणूस आहेस म्हणून आकडे देते. 31 डिसेंबर 2022 रोजी देशाच्या कारागृहांत 5,73,220 माणसे होती आणि जागा होती 4,36,266 जणांची. त्यांतले 4,34,302 जण न्यायाधीन होते, म्हणजे दर चारांतले तीन कच्चे कैदी. आता हे शेजारी शेजारी ठेवून बघ: एकूण जागा जेवढी, जवळपास तेवढेच कच्चे कैदी. ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे त्यांनीच सगळी जागा व्यापलेली आहे, आणि शिक्षा झालेले त्यांच्या वर रचलेले आहेत. तू ज्या गर्दीवर, पाण्यावर, संडासांवर आणि उष्म्यावर अहवाल लिहू पाहतोस, तिच्यात तुझा तो मुलगाही एक जागा अडवून बसला आहे. नागपूरच्या मे महिन्यात बराकीत झोपायला प्रत्येकी किती हात जागा मिळते, हे त्याला विचार. जामीन झालेला असताना तो तिथे झोपतो आहे.

आणि कायदा कमी आहे, असे मला सांगू नकोस. मोती रामच्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका गवंड्याचाच प्रश्न होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याचा भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कडक शब्दांत खोडून काढले. आपल्या शहरात छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून माणसे रोज कामाला येतात. हा निकाल नागपूरच्या वकिलाला तोंडपाठ हवा. जामिनाची रक्कम अवास्तव नसावी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 440 सांगत होते, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 484 सांगते. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर पायरीपायरीने लिहून दिले: जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला ई-मेलने जावा; सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे; महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. तिच्या मूळ आराखड्यात जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षाबंद्यांच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती, आणि निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते.

व्यवस्थात्मक बदल झालेला आहे, बाळा. कागदावर तो केव्हाच झाला. तो कागद न्यायालयातून कारागृहाच्या फाटकापर्यंत आपल्या पायांनी चालत जात नाही, एवढीच अडचण आहे. कुणीतरी त्याच्या मागोमाग चालत जावे लागते.

त्याच नव्या संहितेतल्या कलम 479 चे तू पत्रात फार कौतुक केले आहेस. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटका, इतरांसाठी निम्मा काळ. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या केसेसनाही लागू केले. चांगलेच कलम आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत आणि एकाहून अधिक केसेस प्रलंबित असल्या तर त्याचा लाभ मिळत नाही, हे तू लिहायचे विसरलास, ते असो. पण तुझ्या त्या पक्षकार मुलाचा हिशोब कर. हिसकावण्याला कमाल शिक्षा तीन वर्षे, तिचा तिसरा हिस्सा एक वर्ष. ज्याला जामीन मंजूर झाला आहे त्याने वर्ष भरण्याची वाट पाहायची का?

आता ‘कारकुनी’ या शब्दाकडे येते, कारण तो मला लागला आहे. एका केसमध्ये जामीनदाराचा सात-बारा, घरटॅक्सची पावती, ऐपतीचा दाखला, फोटो सगळे झाले, सुटकेचा आदेश निघाला, मी तो स्वतः घेऊन गेले, आणि फाटकावरच्या अधिकाऱ्याने तो परत दिला. त्याला आत पाठवतानाच्या वॉरंटात आडनाव ‘उईके’ होते. आदेशातल्या इंग्रजी स्पेलिंगवरून बाबूने मराठी प्रतीत ‘युकी’ केले होते. मी भांडले, पण अधिकाऱ्याचे चुकले नव्हते. भलत्या माणसाला सोडले तर त्याची नोकरी जाते. दुरुस्ती होईपर्यंत शनिवार-रविवार गेले, सोमवारी सुट्टी आली. एका आडनावापायी चार रात्री. तेव्हापासून मी वॉरंट आणि आदेश शेजारी ठेवून बोटाने अक्षर न् अक्षर जुळवते, वडिलांच्या नावासकट, गुन्हा क्रमांकासकट, आणि दुसऱ्या एखाद्या केसमध्येही तो कैदी अटकेत दाखवला आहे का हेही विचारून घेते. तू याला कारकुनी म्हणतोस. म्हण. त्या चार रात्री कोणत्याही युक्तिवादाने परत येत नव्हत्या.

तू हुसेनआरा खातून खटल्याचा दाखला देऊन लिहितोस की मोठे काम तसे होते. बरोबर, पण तो खटला उभा कशावर राहिला ते आठव. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारचे तुरुंग फिरून पाहिले आणि 1979 च्या जानेवारीत वर्तमानपत्रात लेख लिहिले. आत कोण आहे, कशासाठी आहे आणि किती वर्षे आहे, हे त्यांत होते. काहींनी तर गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ आत काढला होता. त्या लेखांच्या आधारावर ॲडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जलद खटल्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये आहे असे न्यायालयाने सांगितले. रुस्तमजी आपल्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. एवढ्या मोठ्या माणसाला नावे आणि मुदती टिपून घेण्यात कमीपणा वाटला नाही. तुझ्या पाच पानांत त्या मुलाचे नावही नाही. त्याच्या घरी कोण आहे, हेही नाही.

दिल्लीला जाऊ नकोस, असे मी म्हणत नाही. म्हणणार होते, एक पान लिहून फाडले. दोन पिढ्यांचे अहवाल मी पाहिले. कारागृह सुधारणांवरच्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने 1983 साली दिलेला अहवाल अजूनही ताजा वाटतो, आणि यात लेखकांचा दोष नाही. असे अहवाल लिहिणारी माणसे लागतातच. पण ज्याने उजवीकडचा रकाना कधी भरला नाही त्याने अहवाल लिहू नये, असे माझे मत आहे, आणि या वयात ते बदलणार नाही. माझ्या मतात माझी स्वतःची चाळीस वर्षे वाया गेली नाहीत हे सिद्ध करण्याची धडपड आहे, असे तुला वाटले तर तसेही असेल. त्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही.

तेव्हा आधी हे कर. त्या मुलाची बहीण कळमन्याच्या बाजारात हमालांना डबे पुरवते, असे तू मागे फोनवर म्हणाला होतास. पत्रात ती कुठेच नाही. तिला भेट, तिच्याकडे पंचवीस हजारांची ऐपत दाखवणारा कागद नसणारच, पण ती आहे, त्याचे घर आहे, तो पळून जाणारा नाही, हे प्रतिज्ञापत्रावर घे. न्यायालयाच्या आवारात भाड्याने मिळणाऱ्या जामीनदारांच्या नादी तिला लागू देऊ नकोस. खोटा सात-बारा निघाला की भाऊ सुटण्याऐवजी बहीण आत जाते. सात दिवस उलटल्यावर प्राधिकरणाकडे त्याचे नाव गेले का, ते सचिवांच्या कार्यालयात लेखी विचार आणि पोच घे. कलम 484 खाली अट शिथिल करण्याचा अर्ज तयार कर, त्याला 31 जानेवारी 2023 चा आदेश जोड, आणि चाळीस दिवसांचा आकडा पहिल्याच परिच्छेदात येऊ दे. सुट्टीतले न्यायालय चालू आहे, जूनची वाट पाहू नकोस.

सोमवारी साडेदहाला सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या मुख्य दाराशी मी येते. गुडघे दुखतात, तेव्हा वरच्या मजल्यावर तुलाच जावे लागेल, पण अर्ज मी आधी वाचणार आहे. येताना वॉरंटाची झेरॉक्स आण आणि आदेशाची प्रमाणित नकल आण. दोन्हीवरचे नाव मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आहे.

तुझी,
टपालवाली बाई