विद्यापीठांत लिंगओळखीबद्दलची जागृती सत्रं आणि समावेशक धोरणं खरंच लागतात का, की हे परदेशातून आलेलं फॅड आहे?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी १९ वर्षं काम करतोय. प्रवेश, बोनाफाइड, परीक्षेचे फॉर्म, सगळं माझ्या टेबलावरून जातं. या विषयावरच्या वादात पडण्याइतकं माझं वाचन नाही, त्यामुळे खिडकीच्या आत बसून जे दिसतं तेवढंच सांगतो.

आधी फॅडचं. माझं आजोळ गडहिंग्लजकडचं. यल्लम्मा देवीचा जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) डोक्यावर घेतलेला, लुगडं नेसलेला जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, दारात आला की आजी त्याच्या परडीत सुपातले जोंधळे घालायची आणि पाया पडायची. त्याला परदेशातून कुणी पाठवलेलं नव्हतं. फक्त तो कधी शाळेत गेला असेल का, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात आपली लिंगओळख, म्हणजे आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे, स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्रवेश अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवायला सांगितलं. आम्हीही ठेवला. त्यावर टिक केलेला मुलगा आत आल्यावर पुढे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बीकॉमचा एक विद्यार्थी, कागदोपत्री मुलगी, पण स्वतःला मुलगा मानणारा. हॉल तिकिटावर नावामागे 'कु.' आणि दोन वेण्यांतला फोटो. प्रत्यक्षात बारीक कापलेले केस, ओठांवर कोवळी मिसरूड. पहिल्याच पेपरला सुपरव्हायझरने त्याला दाराबाहेर काढलं, "बहिणीच्या जागी बसतोस काय रे?" म्हणून. मला बोलावणं आलं, मी रजिस्टर घेऊन धावलो. तो बाकावर बसेपर्यंत २० मिनिटं गेली होती आणि वर्गातल्या सगळ्यांना सगळं कळलं होतं. सकाळपासून तो पाणी प्यायला नव्हता, हे मला नंतर समजलं. प्यायलं की जायला लागतं, आणि जायचं कुठे?

पुढच्या पेपरपासून प्राचार्यांच्या सहीचं पत्र सुपरव्हायझरच्या हातात आधीच दिलं. स्टाफरूममागचं एक बंद टॉयलेट साफ करून घेतलं, आतून कडी बसवली, दारावर नुसतं 'स्वच्छतागृह' लिहिलं. खर्च म्हणजे कडी, बल्ब आणि रंगाचा डबा. (आता निम्मे सरच तिथे जातात, तो भाग वेगळा.)

जागृती सत्र म्हणाल तर आमच्याकडेही झालं. बाहेरून वक्ते, दीड तास पीपीटी, शेवटी ग्रुप फोटो, आणि अहवाल कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला. पोरं मोबाइलमध्ये. ज्या सुपरव्हायझरने त्याला बाहेर काढलं ते, वसतिगृहाचे रेक्टर, शिपाई, यातल्या कुणालाच बोलावलं नव्हतं. माझं मत विचाराल तर हजार मुलांना सक्तीने बसवण्यापेक्षा या दहा-बारा जणांना तासभर बसवा.

वसतिगृहाचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे. 'मुलीच्या खोलीत कोण राहणार?' असं विचारणाऱ्या आईला मागासलेली ठरवून गप्प करणं मला पटत नाही. मुंबईच्या टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) २०१७ मध्ये आणि हैदराबादच्या नालसार या कायदा विद्यापीठाने २०२२ मध्ये यासाठी वसतिगृहात वेगळी जागा काढली. ज्याला तिथे राहायचंय त्याने मागावी, सक्ती कुणावर नाही. हा मार्ग मला बरा वाटतो, पण आमच्यासारख्या कॉलेजात वेगळा मजला आणायचा कुठून?

धोरण कागदावर तरी असावं, असं म्हणण्याचं कारण अगदी साधं आहे. आमचे प्राचार्य समजूतदार होते म्हणून पत्र मिळालं. ते निवृत्त झाले, आणि नवे आले की मला पहिल्यापासून समजावावं लागतं. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लिंगओळखीवरून होणारा छळ घातला, तेव्हापासून तशी तक्रार आली तर मला निदान बोट ठेवायला एक ओळ आहे.

त्या मुलाने पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र काढलं. २०२० च्या नियमांत लिहिलंय की ते दाखवल्यावर कागदपत्रांवरचं नाव १५ दिवसांत बदलून द्यायचं. आम्ही अर्ज पुढे पाठवला. वरून उत्तर आलं, आधी शाळा सोडल्याचा दाखला दुरुस्त करून आणा. शाळा म्हणते, वरचं पत्र आणा. तो आता नोकरी शोधतोय आणि मार्कलिस्टवर अजून 'कु.' आहे.