वहीतलं मत

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीत मेडिकल दुकानात कामाला आहे. पिक्चर, पुस्तक, गाण्यांचा अल्बम, काहीही संपलं की वहीत चार ओळी लिहायची सवय आहे, सात-आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात ‘कोर्ट’ बघितला, लिहिलं, मित्राला वाचून दाखवलं तर तो म्हणाला तुला कॅमेऱ्यातलं काय कळतं? तेव्हापासून पेन हातात घ्यावंसं वाटत नाही. न शिकलेल्याच्या मताला काही किंमत असते का? ते पान सोबत जोडलंय.

उत्तर : पान दोनदा वाचलं. पहिली ओळ आहे ‘पिक्चर चांगला आहे, पण स्लो’. ही कुणीही लिहील, खोडून टाका. पण खाली तुम्ही लिहिलंय, ‘कोर्टाला सुट्टी लागली, सगळे गेले, लाइट बंद झाले तरी आपण आतच, मला कोंडल्यासारखं झालं’. अहो हेच तर मत! दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी त्या सिनेमात कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि माणसं उठून गेली तरी तो हलवत नाहीत, त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत नसेल पण त्यानं काय होतं ते तुम्हाला बरोब्बर कळलंय. नाव नंतर शिकता येतं हो.

एका जागी मात्र तुम्ही घाई केलीत. मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष देते, तिथं फक्त ‘वाईट वाटलं’. नेमकं कशानं? ती सांगते की नवरा गटारात उतरायच्या आधी खडा टाकून बघायचा, झुरळ वर आलं तरच आत जायचा. आणि सांगते कशी, तर रेशनकार्डावरची नावं सांगावीत तशी, आवाज जराही न हलवता. माझ्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे, ‘झुरळ आलं म्हणजे खाली हवा आहे’. पुढे लिहवलंच नाही.

मीही कुठं काही शिकलेली नाही. अकरावीत असताना बाबांच्या कॅसेटवर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकली आणि लिहिलं, ‘हे ओळ अर्ध्यात सोडतात आणि उरलेली माझ्या डोक्यात वाजते’. राग-बिग काही कळत नव्हतं. खूप वर्षांनी वाचलं की क्षयामुळे ते १९४८ च्या सुमारास देवासला राहायला गेले, काही वर्षं गाणंच बंद होतं, नंतर गायले ते जवळजवळ एका फुप्फुसावर. तेव्हा लक्षात आलं की कानाला हे आधीच लागलं होतं. आता काही लोक सगळं त्या फुप्फुसावर ढकलतात ते मला पटत नाही, दम कमी असलेले पुष्कळ असतात, कुमार एकच झाले. पण हे आधी वाचलं असतं तर मी गाणं सोडून दमच मोजत बसले असते. म्हणून म्हणते परीक्षण वाचायचं ते आपलं लिहून झाल्यावर. आणि अर्धं पान कोरं ठेवा, तारीख टाका, दोन वर्षांनी तोच पिक्चर परत बघा आणि त्या कोऱ्या जागेत लिहा, पहिलं खोडायचं नाही.

मित्राला पुढच्या वेळी वाचून दाखवू नका, त्याला तो खड्याचा सीन बघायला बसवा आणि विचारा तुला कसं वाटलं.

प्रश्न : ताई, सगळे ‘कोसला’ डोक्यावर घेतात, माझ्याच्यानं अर्ध्यावर सुटली. अर्धवट पुस्तकावर लिहिलं तर चालतं का? (एफवायबीएची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : चालतं गं. पान नंबर टाक आणि तिथं काय झालं ते लिही, कंटाळा आला असेल तर कंटाळाच लिही, १९६३ पासून लोक वाचतायत म्हणून तुला आवडलीच पाहिजे असं कुठाय. माझीही एकदा सुटलेली. ‘कोसला’च्या नायकाची, सांगवीकरची, धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ना, तिथं पुस्तक मिटलं ते दीड महिना उघडलंच नाही, माझी बहीण तेव्हा त्याच वयाची होती आणि शेजारच्या गादीवर झोपायची.