एमबीबीएसला न्यूरोलॉजी ऑप्शनला टाकलं तर चालेल का?

तू लिहिलंयस की सेकंड इयरला आहेस, मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये तुझी सगळी बॅच सीएनएसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूच्या) पेशंटपासून लांब पळते, तर ही भीती सगळ्यांनाच असते का आणि न्यूरो सोडून दिलं तर चालेल का. मी मेडिसिनमध्ये एमडी केलंय, वॉर्डात मुलांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भीती सगळीकडे आहे. तिला न्यूरोफोबिया असं नावच आहे, जोझेफोविच नावाच्या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टने १९९४ मध्ये ते वापरलं, आणि त्यांचं म्हणणं असं की बेसिक सायन्समध्ये शिकलेलं न्यूरो मुलांना पेशंटला लावताच येत नाही. आपल्याकडे हेच होतं बघ, फर्स्ट इयरला स्पायनल कॉर्डचे ट्रॅक्ट, म्हणजे मज्जातंतूंचे मार्ग, रंगीत पेन्सिलींनी काढायचे, ब्रेनस्टेमचे सेक्शन घोकायचे, व्हायवा संपला की विसरायचे, आणि पॅरालिसिसचा पेशंट समोर येतो तोवर त्यातलं काही उरलेलं नसतं. मग फायनलला सीएनएसची लाँग केस (परीक्षेत पूर्ण तपासून मांडायचा पेशंट) नको म्हणून मुलं नवस बोलतात. यात मुलांपेक्षा शिकवण्याचा दोष जास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

माझ्या मते रिफ्लेक्स तपासायचा हॅमर हातात घ्यायच्या आधी दोनच गोष्टी शोधायच्या, बिघाड कुठे आहे आणि तो किती वेगाने झाला. वेग हिस्ट्रीतच कळतो. चहा पिताना कप हातातून सुटला म्हणजे झटक्यात झालंय, आधी रक्तवाहिनीचा विचार कर. काही तासांत किंवा दिवसांत वाढलं तर इन्फेक्शन किंवा इन्फ्लमेशन, महिनोन् महिने हळूहळू वाढतंय तर ट्यूमर किंवा डीजनरेशन. अपवाद आहेतच पण सुरुवात इथून कर.

आता कुठे. तोंड वाकडं झालेले दोन पेशंट घे आणि दोघांनाही सांग, मावशी, भुवया वर करा. एकीच्या कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडतात, फक्त ओठाचा कोपरा ओढला जातो, दुसरीचं अर्धं कपाळ सपाटच राहतं आणि त्या बाजूचा डोळाही नीट मिटत नाही. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून पुरवठा असतो, म्हणून पहिलीचा बिघाड वर मेंदूत, दुसरीचा खाली फेशियल नर्व्हमध्ये. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की अप्पर (मेंदूतून खाली येणाऱ्या) आणि लोअर (तिथून स्नायूपर्यंत जाणाऱ्या) मोटर न्यूरॉनचा तो लांबलचक तक्ता पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) पेशंट एकदम वाढले होते आठवतंय का, पायातून वर चढत जाणारा अशक्तपणा आणि गेलेले रिफ्लेक्स (हॅमर मारल्यावर स्नायूला बसणारा झटका), एवढ्यावर संशय घ्यायचा असतो, आणि तो पहिल्यांदा घेणारा डॉक्टर बहुतेक वेळा न्यूरोलॉजिस्ट नसतो, कॅज्युअल्टीतला ज्युनियर असतो. रिफ्लेक्स नीट काढता आले नाहीत तर तोच पेशंट "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" म्हणून घरी जाऊ शकतो. म्हणून हॅमर टोकाशी धरून मनगटातून मोकळा पडू दे, घाबरत टिचक्या मारू नकोस, आणि अँकल जर्क (घोट्याचा रिफ्लेक्स) आला नाही तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांग आणि त्याच क्षणी परत मार.

"न्यूरोत निदान होतं, उपचार नसतात" हेही खूप ऐकशील, ते आता खरं नाही. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, पण ते घड्याळ पेशंट शेवटचा कधी धडधाकट दिसला तिथून चालू होतं, आणि पीएचसीत नातेवाईकांना हा प्रश्न विचारणारा इंटर्न किंवा एमओ (मेडिकल ऑफिसर) म्हणजे उद्याचा तूच. त्यामुळे ऑप्शनला टाकू नकोस. पोस्टिंग संपायच्या आत रोज एक सीएनएसचा पेशंट घे, आधी निवांत हिस्ट्री घे, बिघाड कुठे असेल ते कागदावर लिही आणि मगच सीटी बघ.