घरी बांधलेल्या विमानाच्या रोटरी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या) इंजिनाला टेकऑफपुरता नायट्रस ऑक्साइड देता येईल का?

येईल, पण नायट्रसशिवाय धावपट्टीवरून सुरक्षित न उठणाऱ्या विमानावर तो मुळीच बसवू नका. हा गॅस स्वतः जळत नाही. साधारण ३०० अंश सेल्सिअसला त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. वजनाने हवेत २३ टक्के ऑक्सिजन, यात ३६, म्हणून जास्त इंधन जाळता येतं. खरा धोका तिथेच आहे. गॅस आला आणि जादा पेट्रोल आलं नाही, की मिश्रणात इंधन कमी पडून डिटोनेशन (मिश्रणाचा स्फोटासारखा भडका) होतं आणि रोटरच्या टोकावरची एपेक्स सील (गॅस गळू न देणारी पट्टी) तडकते. मग त्या रोटरचं कॉम्प्रेशन ढासळतं, तेही नुकतं जमीन सोडताना! म्हणून इंधनाचा दाब पडताच नायट्रस तोडणारा प्रेशर स्विच हवाच. बाटली थंड असली तर गॅसचा दाब कमी मिळतो, हेही धरून चाला.