वाचकांचे प्रश्न : लेकरू दवाखान्यात आणि आपण दाराबाहेर

मागच्या अंकात म्हटलं होतं की लहान मुलांच्या दवाखान्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रं कमी आणि व्हॉट्सअॅपच जास्त आले. नावं कुणाचीच टाकत नाही, गावंही नाही, तालुका तेवढा ठेवला. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झाले. डॉक्टर नाही मी, त्यामुळे औषधाचा डोस मला विचारू नका बाप्पा.

प्रश्न : सिस्टर नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातले, कोरडवाहू शेती आहे. बायकोची डिलेव्हरी आठव्याच महिन्यात झाली, पोरगी १४०० ग्रॅमची, जन्मल्याबरोबर पेटीत ठेवली. बायको खाली बाळंतिणीच्या वॉर्डात, पोरगी वरच्या मजल्यावर अन् मी जिन्यात. दिवसातून एकदा काचेतून दाखवतात. काही विचारलं का म्हणते डॉक्टर राउंडले सांगतील, अन् राउंडच्या टायमाले आमालेच बाहेर काढते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाळांच्या वॉर्डाले लागली होती ती आग डोक्यातून जात नाही, झोप लागत नाही. आमी आत जाऊ शकतो का? का खरंच आमच्यानं बाळाले इन्फेक्शन होते?

उत्तर : जाऊ शकता भाऊ, आणि हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये. पेटीचा जो वॉर्ड असतो ना, एसएनसीयू, त्याच्यासाठी केंद्र सरकारनं २०१७ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत की आईबापाला शिकवून आत घ्या आणि बाळाच्या रोजच्या काळजीत हात लावू द्या. त्याआधी दिल्लीच्या राममनोहर लोहिया हॉस्पिटलात हे करून पाहिलं होतं. हात कसे धुवायचे, बाळाला कसं धरायचं, दूध कसं द्यायचं, धोका कशावरून ओळखायचा, एवढं घरच्यांना शिकवलं आणि मग आत घेतलं. इन्फेक्शन काही वाढलं नाही, उलट दवाखान्यातून सुट्टी मिळताना निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं जास्त निघाली. मला तर याचं कधी नवल वाटलं नाही, कारण इन्फेक्शन हातानं जातं, मग तो हात बापाचा असो की आमचा, न धुतलेला हात सारखाच.

आता गंमत बघा, जनरल वॉर्डात आपल्याकडे आई कधी बाहेर नव्हतीच, ती तर लेकराच्याच खाटेवर, नाहीतर खाटेखाली चटई टाकून. इंग्लंडात मात्र आईबापाला भेटायचे तास ठरवून द्यायचे आणि १९५९ साली तिथल्या सरकारच्या प्लॅट कमिटीनं सांगितलं तेव्हा कुठं ते हळूहळू सैल झालं. आपल्याकडे काचेचं दार आलं ते या पेट्यांसोबत.

तर तुम्ही काय करायचं ते सांगते. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला, गर्दीच्या वेळी नाही, दुपारी थोडं शांत असताना विचारा की आम्हाला हात धुवायला शिकवा आणि कांगारूसाठी आत घ्या. "आत सोडा" म्हटलं की सिक्युरिटी आडवी येते, "काम शिकवा" म्हटलं की सिस्टर ऐकते, हा माझा अनुभव. कांगारू म्हणजे कसं, बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून कापड बांधायचं, एका बैठकीला निदान तासभर तरी. डब्ल्यूएचओनं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली सांगितलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना हे जन्मल्याबरोबर सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्या, बाळ मशीनवर श्वास घेत असेल किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेलं) असेल तर तेवढं थांबा. त्याच्या आधी भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांच्या दवाखान्यांत मोठा अभ्यास झाला होता, आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. १ किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली बाळं घेतली, त्यात लगेच छातीवर घेतलेल्यांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी निघाले, २०२१ साली ते छापून आलं. तुमची पोरगी त्याच वजनाची आहे. आणि बाप पण कांगारू देऊ शकतो बरं का, छातीत ऊब तुमच्याही आहे. आधी आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला, खर्रा नको, सर्दी-खोकला असेल त्या दिवशी आत जाऊ नका. घड्याळ, अंगठी, मनगटाचा दोरा काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. बायकोच्या बांगड्यांवरून घरात कुरकुर होईल की बाळंतिणीचे हात रिकामे कसे करायचे म्हणून, तर त्या उशाखाली ठेवा अन् बाहेर आल्यावर घाला.

दुसरं काम तर तिच्याशिवाय कुणालाच जमत नाही ते म्हणजे दूध. बाळ ओढत नसलं तरी दर दोन-तीन तासांनी, रात्रीचं पण, हातानं दूध काढून वाटीत द्यायचं, दिवसातून आठ वेळा तरी. पहिले दोन दिवस चमचाभरच निघेल आणि कुणीतरी म्हणेलच की हिला दूधच नाही, पावडर आणा. आणू नका, आधी सिस्टरला दाखवा. बायको खाली आणि बाळ वर हाच मुळात घोळ आहे, म्हणून आता काही ठिकाणी आईची खाट बाळाजवळच टाकलेला वॉर्ड करतात. तुमच्या दवाखान्यात तसा नसेल तर निदान दर वेळी तिला वर न्यायची सोय तरी मागा, टाक्यांची बाई जिना किती वेळा चढणार.

राउंडचं म्हणाल तर वहीत रोज तीनच गोष्टी लिहून घ्या, आजचं वजन किती, दूध किती पाजलं, आज काय बदललं. एवढं विचारणाऱ्या बापाला कुणी हाकलत नाही सहसा.

आणि भंडाऱ्याचं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या नवजात कक्षात १० बाळं गेली, ते विसरायचं म्हणून कुणी विसरत नाही. तुम्ही भितात यात वेडेपणा नाही. रात्री आत ड्युटीवर कोण आहे, दुसरा दरवाजा कुठं आहे, हे विचारायचा हक्क आहे तुम्हाला, विचारा.

प्रश्न : बाई, माह्या सुनेले पोट्टं झालं, वजन कमी हाय म्हणून दवाखान्यात ठेवलं. मले आत येऊ देत नाई, म्हणते म्हातारी घुटी पाजते. आमी चार लेकरं वाढवले, मारले का कोणाले? — दर्यापूर तालुक्यातली आजी

उत्तर : नाही हो आजी, कुणी म्हणत नाही तसं. पण घुटी खरंच नाही द्यायची, मध नाही, साखरपाणी नाही, जायफळ उगाळून नाही. सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षापर्यंत नाहीच, त्यात एक जंतू असतो जो मोठ्यांना काही करत नाही पण तान्ह्या बाळाचे हातपाय लुळे पाडू शकतो. नाळेला राख, तेल काही लावू नका. एवढं तुम्ही सिस्टरला आपणहून सांगा की मी यातलं काही करणार नाही, मग बघा दार उघडतं का नाही.

कारण तुमची तिथं गरज आहे. सून चोवीस तास बाळाला छातीवर घेऊन बसू शकत नाही, तिला आंघोळ, जेवण, झोप लागते, तेव्हा बाळ तुमच्या छातीवर. सुवेर आहे, बाळंतिणीला शिवायचं नाही, हे दवाखान्यात सोडून द्या आजी. आणि तिला पोटभर जेऊ घाला, भाकर, वरण, भाजी सगळं चालते, पाणी मोजून देऊ नका. पाणी प्यायली की बाळाला सर्दी होते हे मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलं की पुढं वादही घालत नव्हते, सरळ तांब्या भरून ठेवायचे.

प्रश्न : आमचं लेकरू निमोनियानं ॲडमिट होतं. रक्त लॅबमध्ये नेऊन देणं, स्ट्रेचर ओढणं, ऑक्सिजनचं सिलिंडर आणणं सगळं माझ्या नवऱ्यानं केलं, सलाईन संपली की बंद करायचं पण मलाच सांगून ठेवलं होतं. आता सगळे म्हणतात कुटुंबाचा सहभाग पाहिजे. तो हाच का? — पुसद तालुका

उत्तर : नाही ताई, हा सहभाग नाही, ही बिनपगारी ड्युटी झाली. मला माहीत आहे आतून कशी अवस्था असते, रात्री पूर्ण वॉर्डाला एक सिस्टर, वॉर्डबॉयची पोस्ट भरलेली नाही, त्यात तीन लेकरांना एकदम झटके येतात. तरी पण. सहभागाच्या नावाखाली रिकाम्या पोस्टा नातेवाईकांकडून भरून घेणं मला कधीच पटलं नाही, आणि मला भीती याची वाटते की ही चांगली कल्पना अशानंच बदनाम होईल.

मी एक साधी खूण धरते. ज्या कामात चूक झाली तर दवाखान्याला जबाब द्यावा लागेल ते काम दवाखान्याचं, म्हणजे ऑक्सिजन, सलाईन चालू-बंद करणं आणि तिचा वेग, इंजेक्शन, रक्ताचे नमुने. तुमचं काम वेगळं. भरवणं, पुसून घेणं, कुशीत घेऊन बसवणं, जुलाब असतील तर ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजणं, लघवी किती वेळा झाली ते लक्षात ठेवणं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लक्ष. बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर दिसतायत, लेकरू एकदम मलूल झालं, हे आईच्या नजरेत आमच्या आधी येते. ते सांगायचं, आणि "काही नाही होत" म्हणून वाटेला लावलं तर परत जाऊन सांगायचं. सलाईन संपत आली हे सांगणं तुमचं, ती बंद करणं त्यांचं.

तक्रार करायची तर इन्चार्ज सिस्टर, मग आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मग सिव्हिल सर्जन, लेखी द्या आणि पोच घ्या. ड्युटीवरच्या पोरीवर ओरडू नका, तिच्या हातात काही नसते.

प्रश्न : आशाताई म्हणते पोराचा दंड मोजला, लाल पट्टीत आला, एनआरसीत (कुपोषित लेकरांच्या केंद्रात) चौदा दिवस राहा. घरी दोन लेकरं अजून आहेत, मजुरी बुडते. — धारणी तालुका

उत्तर : जा. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, आणि त्यात साधा जुलाबसुद्धा जीवावर बेततो. तिथं आईच्या जेवणाची सोय असते, बुडालेल्या मजुरीची भरपाई पण मिळते, ती कधी आणि कशी मिळणार ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. घरच्या दोघांचं नवऱ्यानं नाहीतर सासूनं बघायचं, किंवा चार दिवस सासूनं तिथं थांबायचं. तिथलं खाणं कसं बनवतात ते हातानं करून शिकून या.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा, सिकलसेल आहे (एसएस, म्हणजे रक्ताचा आजारच, नुसता वाहक नाही). दर दोन-तीन महिन्यांनी ॲडमिट. सुई लावताना मला बाहेर काढतात आणि तिघं मिळून त्याला दाबून धरतात, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो. आता तर दवाखान्याचा रस्ता दिसला तरी रडतो. मी आत थांबू म्हणते तर डॉक्टर म्हणतात तुम्हाला चक्कर येईल. — कुरखेडा तालुका

उत्तर : ताई, तुम्हाला चक्कर येत नसेल तर तुम्ही आत थांबायचं, हे ठामपणे पण हात जोडून सांगा. लेकराला आडवं दाबण्यापेक्षा तुमच्या मांडीवर, तुमच्याकडे तोंड करून, छातीला छाती लावून बसवा, तुम्ही घट्ट मिठी मारा आणि एक हात सिस्टरकडे. असं धरलं की लेकरू कमी झगडते आणि शीर पण लवकर सापडते, मी कित्येकांना असंच टोचलं आहे. "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका, चार वर्षांच्या पोराला दुसऱ्या वेळी ते कळतेच. थोडं दुखेल, मी धरून आहे, एवढं सांगा. आणि घरात कुणी "मस्ती केली तर डॉक्टर सुई टोचतील" म्हणत असेल तर ते आजपासून बंद.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. सिकलसेलमध्ये कधी कधी रक्त एकदम प्लीहेत (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) जाऊन अडकते, पोट डावीकडून फुगते, लेकरू पांढरं पडते आणि काही तासांत हाताबाहेर जाऊ शकते. वेस्ट इंडिजमधल्या जमैकात डॉक्टरांनी आयांनाच घरी प्लीहा हातानं चाचपायला शिकवलं आणि त्यानं होणारे मृत्यू खूपच कमी झाले, मशीन नाही, खर्च नाही, फक्त आईचा हात. आपल्याकडच्या लेकरांची प्लीहा पुष्कळदा मुळातच वाढलेली राहते, म्हणून पुढच्या वेळी बरं असताना डॉक्टरांना म्हणा की नेहमीची किती लागते ते माझ्या हातानं दाखवा, बोटांत मोजून ठेवा, म्हणजे वाढली की कळेल.

तुमच्या भागाला हे काही नवीन नाही. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आयांना आणि घरच्यांना समजावलं, आणि तिथले अर्भकमृत्यू कसे उतरले ते १९९९ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या दिवशी जाते ते त्यातूनच पुढं आलं. शिकवलं तर घरचं माणूस काय करू शकते याला यापेक्षा जवळचा पुरावा कोणता देऊ.

ॲडमिट होताना तुमची वही सोबत ठेवा, मागच्या वेळचं हिमोग्लोबिन, रक्त कधी चढवलं, हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) चालू असेल तर किती, कोणत्या औषधानं दुखणं लवकर थांबलं. नवीन डॉक्टर असला की ती वहीच त्याच्या हातात द्या, दर वेळी पहिल्यापासून सांगत बसायचं काम नाही. सिकलसेल कार्डाची एक झेरॉक्स अंगणवाडीच्या ताईकडे ठेवा, त्याला मधूनमधून पाणी प्यायला लावा म्हणावं. आणि ताप १०१ च्या वर गेला किंवा प्लीहा वाढलेली लागली तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, १०८ लावा.